भरतीपूर्वीचा हिशेब

चांदूर रेल्वे येथील ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार होऊन रुग्णाच्या कागदावर ‘पुढे हलवावे’ असा शेरा पडला, म्हणजे त्याच्या आप्तांपुढे जो प्रश्न उभा राहतो, तो वैद्यकशास्त्राचा असतो तितकाच जमाखर्चाचाही असतो. पश्चिमेला सुमारे तीस किलोमीटरांवर अमरावती. तेथे इर्विन या जुन्या नावानेच आजही ओळखले जाणारे जिल्हा सामान्य रुग्णालय, स्त्रियांसाठी डफरीन, पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि या सर्वांच्या अवतीभवती खासगी दवाखान्यांच्या ओळीच्या ओळी. पूर्वेला लोहमार्गाने धामणगाव आणि पुलगाव ओलांडले की वर्धा, आणि वर्ध्यालगत सावंगी व सेवाग्राम येथील दोन मोठी रुग्णालये. त्यांच्याही पलीकडे नागपूर. यांपैकी कोठे जावे हा निर्णय बहुधा अर्ध्या तासात, गाडी दारात उभी असताना, कोणा सोयऱ्याच्या किंवा गाडीवानाच्या सांगण्यावरून होतो. आणि त्या अर्ध्या तासातील निर्णयाची किंमत पुढे कित्येक हंगाम फेडावी लागते. शेतकऱ्याला कर्जात लोटणाऱ्या कारणांत नापिकीची आणि भावाची चर्चा पुष्कळ होते, ती व्हावयासच हवी. परंतु घरातल्या एका मोठ्या आजारपणाने दोन एकरांचे वावर सावकाराकडे गेल्याची उदाहरणे या तालुक्याच्या कोणत्याही गावात विचारली तर सापडतील, आणि त्यांची चर्चा मात्र तितकीशी होत नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ साली घरोघर विचारणा करून जे आकडे काढले, त्यांनुसार ग्रामीण भागातील माणूस सरकारी रुग्णालयात एकदा भरती झाला तर त्याला सरासरी ४,२९० रुपये खर्च येत असे, आणि तोच खासगी रुग्णालयात गेला तर २७,३४७ रुपये. हे आकडे आता जुने झाले, आणि ते सरासरीचे आहेत. हृदयविकार, कर्करोग किंवा मेंदूला मार यांसारख्या दुखण्यात ही रक्कम लाखांवर जाते हे सांगावयास नको. देशाच्या आरोग्यावर होणाऱ्या एकंदर खर्चापैकी नागरिकांना स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असे सरकारी आरोग्यलेखे सांगतात. उतार खरा आहे. परंतु ज्या कुटुंबावर प्रसंग गुदरतो त्याचा वाटा बहुधा शंभर टक्केच असतो, कारण आपल्याला काय मिळू शकते याची माहिती त्याला बिल हाती पडल्यावर होते.

खासगी रुग्णालयाचे बिल कसे घडते ते प्रथम पाहू. भरतीच्या खिडकीवर आगाऊ रक्कम मागितली जाते, संमतिपत्रावर सही घेतली जाते, आणि खाट कोणत्या वर्गाची हवी असे विचारले जाते. सामान्य कक्ष, दोन खाटांची खोली, की स्वतंत्र खोली. भांबावलेला मुलगा किंवा भाऊ ‘चांगली द्या’ एवढेच म्हणतो. येथेच पुष्कळसे ठरून जाते. कारण अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की केवळ खाटभाडे वाढत नाही, तर डॉक्टरांच्या भेटीचे शुल्क, शुश्रूषेचा आकार, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, शल्यविशारदाचे आणि भूलतज्ज्ञाचे मानधन ही सारी त्याच पायरीवर चढतात, जरी हात तोच, औषध तेच आणि टेबलही तेच असले तरी. यात पुढे औषधे, हातमोजे, सुया, नळ्या इत्यादी एकदा वापरून टाकावयाच्या वस्तू, रक्ताच्या तपासण्या, चित्रतपासण्या आणि शरीरात बसवावयाची उपकरणे यांची भर पडते. अशा उपकरणांच्या किमतीत किती वाव असू शकतो, हे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसविल्या जाणाऱ्या स्टेंटने दाखवून दिले आहे: लाखाच्या पुढे विकला जाणारा औषधयुक्त स्टेंट फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कमाल दर ठरवून देताच तीस हजारांच्या आत आला. वस्तू तीच राहिली. दराला मर्यादा आली. म्हणून भरतीच्या वेळीच अंदाजपत्रक लेखी मागावे, त्यात ‘पॅकेज’ असा शब्द असेल तर त्यात काय आले आणि काय नाही हे विचारून घ्यावे, आणि सुट्टी होताना बाबवार बिल घ्यावे. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. सचोटीने व्यवसाय करणारा डॉक्टर अशा प्रश्नाने दुखावत नाही.

या बाबतीत कायदा अगदीच मुका नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली होते, आणि त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. पैशाच्या बाकीसाठी रुग्णाला अडकवून ठेवणे किंवा मृताचा देह अडवून धरणे हे कोणत्याही रुग्णालयाच्या अधिकारात नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत तर औषधे आणि तपासण्या कोठून घ्याव्यात याची निवड करण्याचा हक्कही रुग्णाला दिलेला आहे. तातडीच्या प्रसंगी जीव वाचविण्यासाठीचे उपचार प्रथम करावेत, कागद आणि पैसे नंतर, हे तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच निःसंदिग्धपणे सांगितले. दर ठरविणे अशक्य असते असे जे म्हटले जाते, त्याचेही उत्तर याच भागाने पाहिले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट राज्यात प्रथम अमरावतीतच उसळली आणि शहर पुन्हा बंद झाले, तेव्हा राज्य शासनाने २०२० च्या मे महिन्यातच काढलेली अधिसूचना अमलात होती: खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर शासनाचे दर, साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता कक्षाला ७,५०० आणि कृत्रिम श्वासयंत्रासह ९,००० रुपये. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या. परंतु दर ठरले, बिलांचे लेखापरीक्षण झाले, आणि रुग्णालयेही चालू राहिली. संकट ओसरताच ही व्यवस्था मोडली जावी, हे मला आजही अनुचित वाटते.

आता शासकीय योजनेकडे वळू, कारण बहुसंख्य वाचकांना विम्याच्या हप्त्यापूर्वी तिचीच माहिती हवी. २ जुलै २०१२ रोजी ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या पहिल्या आठांत अमरावती होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. प्रारंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते आणि पिवळी व केशरी शिधापत्रिका असणारेच पात्र होते. पुढे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा आणि मराठवाड्याचे आठ जिल्हे अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्याच्या आधारे तिच्यात घेण्यात आले. जुलै २०२३ च्या निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढून राज्यातील सर्वच शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देण्याचे ठरले आणि १ जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. सत्तर वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेतून पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे.

परंतु योजनेचे स्वरूप नीट समजून घेतले नाही तर निराशा पदरी येते. ही योजना सर्व रुग्णालयांत नाही, योजनेशी करार केलेल्या रुग्णालयांतच आहे. सर्व आजारांना नाही, यादीतील उपचारांनाच आहे. बाह्यरुग्ण विभागातील साध्या तापाला ती लागू पडत नाही. आणि उपचारापूर्वी मंजुरी लागते, तातडीच्या प्रसंगी ती दूरध्वनीवरून घेता येते. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी बसतो; भरतीच्या खिडकीपूर्वी त्याला गाठावे. एकदा प्रकरण योजनेत मंजूर झाले की खाट, शुश्रूषा, शस्त्रक्रिया, भूल, औषधे, रक्त, शरीरात बसवावयाची उपकरणे, रुग्णाचे जेवण, सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे, इतकेच काय, घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे हेही ठरलेल्या रकमेतच अंतर्भूत धरलेले आहे. तेव्हा योजनेत घेतलेल्या रुग्णाकडे वर ‘फरक’ मागितला गेला, तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि तेथूनच तक्रार नोंदवावी. ज्याने प्रथम रोख भरून उपचार सुरू केले आणि चौथ्या दिवशी शिधापत्रिका दाखविली, त्याची वाट मात्र फार बिकट होते.

विमा म्हणजे काय, हे ज्याला मुळातून समजून घ्यावयाचे असेल त्याने सेवाग्रामकडे पाहावे. डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेल्या कस्तुरबा रुग्णालयाने, आणि १९६९ मध्ये तेथेच सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, आसपासच्या खेड्यांत विम्याचा जो प्रयोग केला, त्याच्याशी डॉ. उल्हास जाजू यांचे नाव निगडित आहे. त्यात वर्गणी रुपयांत नव्हे, ज्वारीत घेतली जात असे. सुगी झाली, धान्य घरात आले, की भूमिहीन मजुराने ठरलेले थोडे माप द्यावे आणि ज्याच्याकडे शेत आहे त्याने शेताच्या मानाने अधिक द्यावे. त्या बदल्यात गावातील आरोग्यसेवकाची सेवा मिळावी आणि अकस्मात दुखण्यासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागले तर खर्च रुग्णालयाने सोसावा. जे आधीपासून ठाऊक असते, जसे सुखरूप बाळंतपण किंवा मोतीबिंदू, त्याला मात्र पूर्ण माफी नव्हती. आणि एक शर्त अशी की गावातील मोठ्या बहुसंख्य कुटुंबांनी एकत्र सामील व्हावे. दहावीस घरांसाठी योजना नाही. ही शर्त कठोर वाटते, परंतु विम्याचे सारे तत्त्व तिच्यात आले. केवळ दुखणाईतांनीच वर्गणी दिली तर पहिल्याच पावसाळ्यात कणगी रिकामी होते. निरोगी माणूस आपले माप घालतो तेव्हाच आजारी माणसाला त्यातून मिळते. ऐपतीप्रमाणे देणे आणि गरजेप्रमाणे घेणे, हा व्यवहार वऱ्हाडच्या शेजारी ज्वारीच्या मापाने झाला, ही मला आपल्या सामाजिक इतिहासातील मोठी गोष्ट वाटते.

व्यापारी विमा कंपन्यांच्या ज्या अटींनी सामान्य माणूस संतापतो, त्या पुष्कळशा केवळ दुखणाईतच वर्गणी देतील या भयातून जन्मल्या आहेत. भारतात मेडिक्लेम नावाची पॉलिसी १९८६ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी आणली. तिच्या वंशातील आजच्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दावा करता येत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा काही उपचारांसाठी ठरावीक प्रतीक्षाकाळ असतो. आणि पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांसाठी, विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार, जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागते. हा काळ टाळण्यासाठी प्रस्तावपत्रात मधुमेह लपविण्याचा सल्ला देणारे दलाल भेटतात. तो सल्ला घातक आहे. दाव्याच्या वेळी जुनी औषधचिठ्ठी हाती लागली की कंपनी दावा तर नाकारतेच, पॉलिसीही रद्द करू शकते. उलट सत्य लिहून पॉलिसी घेतली आणि सलग ६० महिने चालविली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्यावाचून माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. प्रस्तावपत्र दलालाला भरू देऊन खाली नुसती सही करण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, ती सोडली पाहिजे. सातबाऱ्यावरील फेरफार आपण जितक्या बारकाईने वाचतो, तितक्या बारकाईने हा कागद वाचावा.

अटींमध्ये सर्वांत अधिक घात करणारी अट खोलीभाड्याची आहे, आणि ती आकड्यांत मांडल्याखेरीज ध्यानात येत नाही. समजा, तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे, आणि रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचे भाडे २४,००० झाले. शल्यविशारद, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांच्या भेटी आणि शुश्रूषा मिळून ५६,००० झाले. औषधे व तपासण्या ४०,००० च्या झाल्या. एकूण १,२०,०००. पॉलिसी तीन लाखांची असल्याने सारे मिळेल असे कुटुंबाला वाटते. परंतु हक्काची खोली निम्म्या भावाची होती, म्हणून भाड्याचे निम्मे, १२,०००, आणि खोलीशी निगडित अशा त्या ५६,००० चेही निम्मे, २८,००० एवढेच मंजूर होतात. औषधे आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून ते ४०,००० पूर्ण मिळतात. कंपनी ८०,००० देते आणि ४०,००० घरातून भरावे लागतात. दिवसाला तीन हजार अधिक, म्हणजे चार दिवसांत बारा हजार अधिक मोजून, नुकसान चाळीस हजारांचे झाले. शिवाय हातमोजे, मुखपट्टी यांसारख्या किरकोळ वस्तू बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, आणि काहींत प्रत्येक दाव्याचा दहा किंवा वीस टक्के भाग विमाधारकानेच सोसावा अशी शर्त असते. वृद्धांच्या पॉलिसीत ती विशेष आढळते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, तरीही माझ्या मते तीच घ्यावी. आणि जिच्यात मर्यादा आहे ती आधीच घेतली असेल, तर भरतीच्या खिडकीवर ‘चांगली द्या’ न म्हणता मर्यादेचा आकडा सांगावा.

हप्त्याच्या तारखेचा विचारही आपल्या भागात निराळा करावा लागतो. पगारदाराला वर्षाचे बारा महिने सारखे. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर, कापूस घरातून निघाल्यावर किंवा तूर बाजारात गेल्यावर. ज्याची पॉलिसी जूनमध्ये सुरू झाली, त्याचे नूतनीकरण दरवर्षी पेरणीच्या तोंडावर येते, जेव्हा बियाणे आणि खत यांपुढे दुसरे काही सुचत नाही. वार्षिक हप्त्याला साधारण तीस दिवसांची सवलतीची मुदत असते; ती टळली की पॉलिसी खंडित होते आणि प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, म्हणजे दोन-तीन वर्षांची कमाई वाया जाते. म्हणून पॉलिसी घ्यावयाची ती डिसेंबर-जानेवारीत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर रद्द झाला आहे, तेवढा भार हलका झाला.

रोकडरहित सेवेची मागणी आल्यावर कंपनीने एका तासात प्राथमिक मंजुरीचा आणि सुट्टीच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरीचा निर्णय द्यावा, असे नियामकाचे मे २०२४ चे परिपत्रक सांगते. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. ज्यांच्याकडे विमा नाही आणि ज्यांचा आजार योजनेच्या यादीत नाही, त्यांनी रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे काय हे विचारावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, अशा मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखावयाच्या असतात; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो रुग्ण अतिदक्षता कक्षात असताना मिळवीत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, घरात सर्व जण धडधाकट असतानाच एक दिवस या कामासाठी काढावा. शिधापत्रिका आणि आधार यांवरील नावे जुळतात काय ते पाहावे. नवी सून आणि तान्हे मूल यांची नावे शिधापत्रिकेत चढली नसतील तर तहसील कचेरीत अर्ज द्यावा. उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा. अमरावती आणि वर्धा येथील कोणती रुग्णालये फुले योजनेत आहेत त्यांची नावे कागदावर उतरून तो कागद सर्वांना दिसेल असा लावावा. योजनेचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १५५३८८ आहे. तोही त्याच कागदावर लिहून ठेवावा.